दवाखान्याच्या आतल्या दाराची मेझुझा

बाबा जनावरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पडेगावच्या रस्त्याला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. बाहेरच्या खोलीत जनावरं तपासायची, आतल्या खोलीत औषधांचं कपाट, टेबल आणि एक बाकडं. सुट्टीत मी दुपारभर त्या बाकड्यावर पडून असायचे. फिनेलचा वास, एखाद्या गाईचं संथ रवंथ, पत्र्यावर कडुलिंबाची सळसळ. झोप कुठं संपली आणि जाग कुठं आली, कळायचं नाही.

शहरात आमच्यासारखी ज्यू घरं बोटांवर मोजण्याइतकी. आमच्या घराच्या दाराला मेझुझा होती: चामड्यावर हातानं लिहिलेली तोरा या आमच्या धर्मग्रंथातली वचनं, गुंडाळून लांबट डबीत घातलेली. दवाखान्याला ती लावायची का, हे सांगणारं इथं कुणी नव्हतं. बाबांनी मुंबईला माझ्या मामांना पत्र टाकलं. मामा सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवायचे.

मामांनी सविस्तर लिहिलं. कामाची जागा म्हणजे घर नव्हे, संध्याकाळी तुम्ही कुलूप लावून निघता; म्हणून काही धर्मपंडित लावायची गरज नाही म्हणतात, काही लावा म्हणतात. तेव्हा लावा, पण लावताना बेराखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, म्हणू नका. जिथं कर्तव्याचीच खात्री नाही, तिथं आशीर्वादात देवाचं नाव उगाच घ्यायचं नसतं. जागा भाड्याची आहे, आधी तीस दिवस जाऊ द्या. आणि शेणामुताच्या खोलीला नको, आतल्या दाराला लावा.

बाबांनी तीस दिवस मोजले आणि आतल्या दाराच्या उजव्या बाजूला, बेराखा न म्हणता, दोन खिळ्यांनी डबी ठोकली.

एकदा फुलंब्रीकडची एक बाई टेम्पोतून म्हशीची वगार घेऊन आली. हगवणीनं वगारीचे डोळे खोल गेले होते, मान उचलत नव्हती. बाबांनी सलाईन लावलं. बाई भिंतीला टेकून बसून राहिली. बाबा आत जाताना दरवेळी डबीला हात लावून बोटं ओठांना टेकवायचे, ते ती बघत होती.

"सायेब, त्याच्यात काय हाय?"

"देवाचं नाव लिहिलंय."

"मंग भायेरच्या दाराला का नाय? दुखणाईत तर भायेर हाय."

बाबांनी सलाईनची बाटली नीट अडकवली. "आमच्यात नियम आहे, बाई," ते हळूच म्हणाले.

"असंल," ती म्हणाली. तिनं पदराला हात पुसला. "म्या हात लावू का?"

"लावा."

तिनं डबीला हात लावला आणि तोच हात नेऊन वगारीच्या कपाळावर ठेवला. मी अर्धवट झोपेत होते. हे खरंच बघतेय की स्वप्नात, असं वाटत राहिलं.

ऊन कलल्यावर वगार धडपडत उभी राहिली आणि बादलीत तोंड घालून प्यायली.

"सलाईननं उठली," बाबा म्हणाले.

"व्हय, सलाईननंच," बाई म्हणाली आणि हसली.

टेम्पो गेल्यावर बाबांनी खोली धुतली. मग आतल्या दारात, डबीवर तळहात ठेवून, ते किती तरी वेळ उभे राहिले. ओठ हलत होते.

"बेराखा म्हणालात?" मी विचारलं.

"नाही गं. शेमा म्हटली, डबीत लिहिलेली तीच प्रार्थना. ती म्हणायला घरच लागतं असं नाही."

त्यांनी कुलूप लावलं. मी सायकलच्या कॅरिअरवर बसले आणि त्यांच्या पाठीवर डोकं टेकलं. सदऱ्याला अजून वगारीचा वास येत होता.