रिलीज म्हणजे सैल करणे

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात कोर्टाजवळ एका वकिलांकडे टायपिस्ट होते. वकीलसाहेब सत्तरीचे, शाळेत संस्कृतऐवजी फारसी घेतलेले आणि अशिलांपेक्षा शब्दांत जास्त रमणारे. मी एखादं खरेदीखत बडवत असले की यांचं सुरू, "पोरी, ह्यातला आपला शब्द कुठला हाय, सांग बघू." दस्तऐवज फारसी, वारस अरबी, तारीखही अरबी. पगार मला टायपिंगचा मिळायचा, ऐकण्याचा नाही, तरी ऐकायचे.

सर्वांत जास्त कागद यायचे ते बहिणींचे. कायद्यानं मुलींना जमिनीत वाटा दिला आणि भाऊ आपापल्या बहिणींना घेऊन हक्कसोडपत्रासाठी रांगेनं येऊ लागले. बहिणीनं हिस्सा सोडायचा, भावानं तिला साडी घ्यायची, अशी पद्धत. न सोडणाऱ्या एक-दोघीही मी पाहिल्या होत्या. त्यांना माहेर उरलं नव्हतं.

या कागदाला इंग्रजीत रिलीज डीड म्हणतात. साहेबांनी एकदा दुपारभर तोच शब्द चघळला. मूळ लॅटिन, अर्थ पुन्हा सैल करणे; रिलॅक्सही त्यातलंच. फारसीत त्याला रिहा आहे, आझाद आहे, आणि अरबीतून तिकडे गेलेला फारिग, म्हणजे मोकळा. फारिग आणि खत मिळून आपली फारखत. जुन्या दस्तांत हक्क सोडल्याच्या कागदालाही फारखतच म्हणत.

"मग मोकळं कोण होतंय ह्यात?" त्यांनी विचारलं.

"भाऊ की," मी म्हटलं. तेव्हा आम्ही दोघंही हसलो.

वडील गेले, त्याच्या दुसऱ्या वर्षी माझा धाकटा भाऊ ऑफिसात आला. आमचं रान उचगावला, शहर बांधापर्यंत येऊन ठेपलेलं. मी नवरा आणि मुलीबरोबर भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. निम्म्या रानात माझं घर उभं राहिलं असतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्यानं टेबलावर सातबारा ठेवला. "आबांच्या जागी नावं लावायची हायत. तुला कळतंय त्यातलं. काय ते तूच लिही," म्हणाला आणि खाली चहा प्यायला गेला.

मी यंत्रावर कागद चढवला आणि हक्कसोडपत्र टाईप करायला घेतलं. मजकूर पाठच होता. लिहून देणारीच्या जागी माझं नाव आलं, तरी काही वाटलं नाही. दात काढायच्या आधी सुई दिलेला गाल असतो, तशी मी सगळी झाले होते.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "हे त्यानं मागितलंय व्हय?"

"मागायला कशाला पायजे?"

"कागद बिघडला म्हणून सांग. आज ऱ्हाऊ दे."

माझा कागद कधी बिघडत नसे. शेवटच्या ओळीपर्यंत आले: राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले असे. राजी, खुशी, अक्कल, हुशारी, चारही शब्द तिकडचेच, फारसी-अरबीतले. पण त्या दिवशी साहेबांनी त्यातला एकही उलगडून सांगितला नाही. ते खुर्चीत जाऊन बसले.

भावानं कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला. नोंदणी कार्यालयातल्या अधिकाऱ्यानं विचारलं, "राजीखुशीनं देतायसा न्हवं?" मी व्हय म्हटलं. सही केली, अंगठा दिला, शाई पुसली. मग भाऊ मला महाद्वार रोडला साडीच्या दुकानात घेऊन गेला. रंग कुठला, तर कुठलाही, असं मी सांगितलं. घरी येऊन नेहमीसारखा स्वयंपाक केला.

काही वर्षांनी आई गेली. तिचे दिवस झाल्यावर भाऊ माझ्या त्याच दोन खोल्यांत येऊन बसला. रानाचे तोवर प्लॉट पडले होते. तो म्हणाला, "ताई, आईला मी आदीच बोललोतो, ताईचं नाव निम्म्यावर लावूया म्हणून. म्हणून तर सातबारा तुझ्याकडं आणलाता. तू सोडल्याचाच कागद करून ठेवलास. मला वाटलं, तुला नको असंल."

मी चहा गाळत होते. तो खोटं बोलत असता तर मला बरं वाटलं असतं. तो खोटं बोलत नव्हता.