साडूंच्या शाळेची सुट्टी

कडक शाळा मी पुष्कळ पाहिल्या, पण सुट्टी कडक असलेली शाळा जन्मात एकच पाहिली आणि ती माझ्या थोरल्या साडूंची होती. शाळेत मुख्याध्यापक, शिक्षक आणि शिपाई ते स्वतःच. विद्यार्थिनी एक, त्यांची मुलगी नंदा. इमारत म्हणजे मुकुंदवाडीतल्या त्यांच्या दोन खोल्या आणि वरची गच्ची. साडू मूळचे पिशोरचे, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते, त्यामुळे शाळाही त्यांच्या पाळीप्रमाणे भरे. पहिली पाळी असली की शाळा दुपारची, दुसरी असली की सकाळची. भोंगा म्हणून ते स्टीलच्या ताटावर पाना हाणत. भोंगा झाला की नंदानं त्यांना 'सर' म्हणायचं, शाळा सुटली की 'आबा'. एकदा तिनं मधेच 'सर, भूक लागली' म्हटलं, तर सर म्हणाले, "घरी गेल्यावर आईला सांग," आणि पुन्हा ताट वाजवून त्यांनी तिला तिथल्या तिथं घरी सोडलं.

शिकवण्याची तऱ्हाही त्यांचीच. भूगोल गच्चीवरून चाले. जालना रोडवरून कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रकांच्या नंबरप्लेटी वाचून नंदानं राज्यं पाठ केली होती. दशांश अपूर्णांक तिला व्हर्नियर कॅलिपरवर शिकवले, आणि मोजायला दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून आईच्या भाकरी घेतल्या. "सर, आजची पावणेतीन मिलिमीटर," असं ती ओरडली की आमच्या अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, चुलीपुढून म्हणायच्या, "मापून झालं असंल तर खावा आता."

पण साडूंचा खरा बाणा दिसायचा तो नाताळच्या सुट्टीत. दारावर पाटी लागायची, 'शाळेस आठ दिवस सुट्टी. हुकमावरून.' त्या आठ दिवसांत घरात कुणी काही शिकायचं नाही. सकाळी उन्हाला पाठ देऊन बोरं खायची, दुपारी गोधडी अंथरून लोळायचं, पिशोरहून हुरडा आला की तो भाजायचा. शेंगदाण्याच्या पुडीचा कागद नंदा वाचायला लागली तर साडू तो काढून घेत. तुरीच्या शेंगा सोलताना ती दाणे मोजतेय असं दिसलं की "गणित बंद!" म्हणून दटावत. मी एकदा सहज तिला सतरा नव्वे विचारले, तर साडू कमालीचे दुखावले. "तुमी शिकलेले लोक," ते म्हणाले, "सुट्टीत लेकराला पाढे इचारत असतेत का?" त्या दिवशी मला चहा जरा उशिरानंच मिळाला.

ज्या वर्षीची गोष्ट सांगतोय, त्या वर्षी मात्र सुट्टी संपेचना. आठ दिवसांनी पाटीवर आलं, 'थंडीमुळे सुट्टी वाढवली आहे.' मग, 'हुरड्यामुळे.' मग, 'संक्रांतीपर्यंत.' मी दर शनिवारी जायचो, पाटी वाचायचो आणि हसायचो. नंदा हसत नव्हती. तेरा वर्षांची पोर, गच्चीच्या कठड्याला टेकून ती खालून जाणाऱ्या निळ्या स्कर्टातल्या मुलींकडे बघत उभी असायची.

शेवटी अक्कांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं. नंदाला खऱ्या शाळेत जायचं होतं. औरंगपुऱ्यातल्या शाळेच्या बाईंनी तिची परीक्षा घेतली होती, तिला शाळेत घ्यायला त्या तयार होत्या. फक्त कुठला तरी दाखला आणा म्हणाल्या होत्या. साडू नाही म्हणाले नव्हते. "सुट्टी संपू दे, मग बघू," एवढंच म्हणाले होते.

"आन् संपूच देईनात," अक्का म्हणाल्या. "भ्येलेत ते. दुसरीत व्हती ना ती, त्याच शाळंत."

तेव्हाची हकीकत मला अर्धीच ठाऊक होती. विद्यापीठाच्या नामांतरावरून एकाएकी बंद झाला, दगडफेक झाली आणि शहरातल्या बस थांबल्या. साडू चिकलठाण्याहून औरंगपुऱ्यापर्यंत चालत, बरंचसं पळत गेले. शाळा कधीच सुटली होती. फाटकाच्या पायरीवर नंदा दप्तर मांडीवर घेऊन एकटी बसली होती. दुसऱ्या दिवसापासून साडूंची शाळा सुरू झाली. आम्ही सगळे त्याला त्यांचं खूळ म्हणत आलो होतो, मी जरा जास्तच.

आणि यंदा नावाचा निकाल लागणार, लागणार असं सगळं शहर पुन्हा बोलत होतं. मी साडूंना छेडलं तेव्हा ते म्हणाले, "नाव द्यायलाच पायजे, मी तर कवाचं म्हणतोय. पण पोरगी सांजच्याला घरी यावी, एवढंच."

संक्रांतीला निकाल लागला, विद्यापीठाला नाव मिळालं. नंतरच्या रविवारी मी तिळगूळ घेऊन गेलो तेव्हा बस नेहमीसारख्या धावत होत्या. साडू पाटीवर नवं कारण लिहायला खडू शोधत होते. नंदानं ती पाटी त्यांच्या हातातून घेतली, ओढणीनं पुसली आणि ताटावर पाना हाणला.

"सर, सुट्टी संपली," ती म्हणाली. "दाखला पायजे."

साडूंनी खडू शोधायचं सोडलं. मग वहीचं पान फाडून लिहायला बसले. वर्तणूक, चांगली. प्रगती, शिक्षकापेक्षा जास्त. 'शाळा सोडण्याचे कारण' इथं पेन अडलं. विद्यार्थिनीचा हट्ट, असं ते लिहिणार याची मला खात्री होती. त्यांनी लिहिलं, 'पालकांच्या विनंतीवरून.' खाली सही केली, आणि कागद तिच्या हाती देताना म्हणाले, "बसमदी खिडकीपाशी बसू नको."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कामानं औरंगपुऱ्यात गेलो होतो. शाळेच्या फाटकाच्या पायरीवर साडू बसलेले दिसले. कारखान्यात बारा वर्षांत त्यांनी एक खाडा केला नव्हता. म्हटलं, साडूभाऊ, शाळा सुटायला अजून तास आहे, केव्हापासून बसलात?

"सकाळधरनं," ते म्हणाले आणि मला जागा करून देत सरकले. "बसा की. आमच्या शाळेला आता सुट्टीच हाय."