लानवहिनीचं ताजं जेवण

दादाचा फोन आला तेव्हा मी सेलूच्या आमच्या वाडीत लानवहिनीचीच वाट पाहत उभी होते. आदल्या संध्याकाळी तिने बजावलं होतं, "मायाताई, मी येईपर्यंत तोडजो नको. तोडून ठेवलं का मेलंच ते." म्हणून रताळ्याच्या वेलाची एक अख्खी सरी मी तशीच सोडली होती आणि तिच्या उशिराबद्दल मनातल्या मनात कुरकुरत होते. फोन वाजला तर नाव दादाचं. "माया, लान गेली," तो म्हणाला. सकाळी अंघोळीला जाताना पडली, मेंदूत रक्तस्राव झाला, दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं... मी सगळं ऐकलं, हो हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर खाली बसून त्या वेलाचे शेंडे खुडायला लागले. काऊन, ते मला आजही सांगता येत नाही. आमच्या यांनी हात धरून उठवलं तेव्हा पदराची ओटी शेंड्यांनी भरली होती.

माझा थोरला भाऊ सुधीर चीनमध्ये डॉक्टरकी शिकायला गेला आणि येताना तिथली नर्स बायको करून घेऊन आला, ही गोष्ट त्या काळी आमच्या माहेरच्या गावाला, अख्ख्या सिंदी मेघेला पुरली. लोक काहीबाही निमित्त काढून तिला बघायला येत. ती दक्षिण चीनमधल्या नदीकाठच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. मराठी ती आमच्या आईच्या तोंडून शिकली, त्यामुळे तिचं मराठी म्हणजे चोख वऱ्हाडी. दादाच्या दवाखान्यात पेशंटला ती "काऊन बाप्पा, गोळ्या नाई घेतल्या?" असं दटावायची तेव्हा नवखा माणूस दुखणं विसरून तिच्याकडे बघत राहायचा. सगळं तिने आपलंसं केलं. साडी नेसली, हळदीकुंकवाला गेली, आईच्या पायाला तेल लावलं. एका बाबतीत मात्र ती शेवटपर्यंत हटली नाही. तिला तिच्या गावचं जेवण हवं होतं. ताजं, आत्ता तोडलेलं, आत्ता शिजलेलं आणि आत्ता खाल्लेलं. बाकी कशाची हौस नाही, दागिना नाही, फिरणं नाही. एवढंच एक मागणं होतं बिचारीचं आणि तेच या गावात मिळत नव्हतं.

लग्नानंतर दादाने मोठ्या कौतुकाने तिला वर्ध्यात चायनीजच्या गाडीवर नेलं होतं. मीही होते. लालभडक मंचुरियन समोर आलं. तिने एक गोळा उचलला, वास घेतला, खाल्ला आणि गाडीवाल्याला अगदी आदराने विचारलं, "भाऊ, हे कोणत्या गावचं हाय?" तो म्हणाला, "आपल्या वर्ध्याचंच ना, मॅडम." दादा आणि मी हसून हसून बेजार. ती हसली नाही. नंतर नागपूरच्या मोठ्या दुकानांतून बाटल्या आणून झाल्या, पाकिटं आणून झाली. कलकत्त्याला चिनी लोकांची जुनी वस्ती आहे हे कुणीतरी सांगितलं तर बाई दादाला घेऊन रेल्वेने तिथंही जाऊन आली. परत आल्यावर मी विचारलं, कसं होतं? म्हणाली, "चांगलं होतं. पण ते कलकत्त्याचं हाय." मला तिचा राग यायचा, खरं सांगते. आम्ही एवढं करतो आणि हिचं आपलं हे नाही, ते नाही! आईला तर धास्तीच असायची. "हे पोरगी टिकत नाई वो माया. तिचा जीव लागून नाई राह्यला इथं."

माझं सासर भाजीपाल्याचं. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मेथी, पालक, सगळं सेलू आणि वर्ध्याच्या बाजाराला जातं. माहेरी एकदा जाऊन येताना वहिनीने तिकडच्या पालेभाजीचं बी आणलं आणि आमच्या यांच्या, विलासच्या, हाती दिलं. म्हणाली, "भाऊजी, वीतभर झालं का सांगजा, मी येतो तोडाले." यांनी वाफा केला, सावली केली, जीव लावला. भाजी वीतभर झाली. पण भाजीवाल्याचा हात, कोवळं तोडायला धजावेल कसा? वजन भरू दे, जुडी चांगली बसू दे, म्हणून थांबले. वहिनीचा रोज फोन. हे म्हणत, "वहिनी, चार रोज थांबा ना, मस्त भरून राह्यली." ऊन चढलं आणि वाफाच्या वाफा फुलावर गेला. वहिनी आली तेव्हा पिवळी फुलं डुलत होती. यांनी अभिमानाने दाखवलं, "पाहा, केवढी झाली!" ती वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली आणि रडली. आमच्या यांना पत्ताच नाही काय चुकलं. त्यातलीच चार बरी पानं घेऊन ती घरी गेली, तर ती अंघोळीला गेली असताना आईने प्रेमाने ती भाजी बारीक चिरून, बेसन लावून शिजवून ठेवली. "तुयासाठी केली वो, तुया गावची." वहिनीने ती पोळीसोबत निमूट खाल्ली. मग मला फोनवर म्हणाली, "ताई, झुणका झाला माह्या भाजीचा..." आणि त्या दिवशी मात्र खूप वेळ हसली.

रताळ्याचे शेंडे तिला आमच्याच वाडीत सापडले. आम्ही वेल कापून ढोरांपुढे टाकतो. ती आली, गोठ्यापुढचा भारा बघितला आणि म्हशीच्या तोंडापुढून वेल ओढून घेतला! तिच्या गावी हीच भाजी. वरचा वीतभर कोवळा शेंडा खुडायचा, देठाची साल ओढून काढायची, कढई धुरावेस्तोवर तापवायची, ठेचलेला लसूण, शेंडे, मीठ, दोन हलवे आणि खाली. माझ्याच चुलीवर तिने केली आणि उभ्याउभ्या खाल्ली. त्यानंतर आठवड्यातून एकदोनदा ती यायचीच. उन्हातान्हात यायची, शेंडे ओल्या फडक्यात गुंडाळायची, चहाला थांबायची नाही. "सुकून राह्यलं ना, ताई!" की निघाली. पण सिंदी मेघेच्या घरी वेगळीच अडचण. आमच्याकडे आधी देवाचा नैवेद्य, मग माणसं जेवणार, मग लेकरं आणि शेवटी स्वयंपाक करणारी. तिची भाजी तर कढईतून उतरली की लगेच खायची. तिची पाळी येईस्तोवर भाजी लोळागोळा होऊन काळी पडायची. "गरम हाय तंवर खा ना, आई," असं ती सारखी म्हणायची आणि आई म्हणायची, "खाऊ ना, काय पळून राह्यली काय भाजी?" शिवाय आईला ते ढोराचं खाणं. तिने ती भाजी कधी तोंडात घातली नाही. वहिनी भांडायची नाही, नुसती ओट्यापाशी येरझाऱ्या घालायची. त्या येरझाऱ्या आता माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. वीस वर्षं या बाईने आमच्या घरात बहुतेक गार जेवण जेवलं, आणि हे आठवलं की मला बसवत नाही.

तेरवीच्या दिवशी तिच्या फोटोपुढे पान वाढायचं होतं. माणसाला जे आवडत होतं ते त्या पानावर असावं, अशी आपली रीत. शेजारच्या कुंदाकाकू डोळे पुसत आल्या, हातात स्टीलचा डबा. "लानबाईले चायनीज लय आवडे ना, मुद्दाम आणलं." डब्यात लालभडक मंचुरियन. त्या माउलीच्या मनात नुसती माया होती. आईने डबा घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी यांना फोन लावला, "निघतानाच शेंडे तोडा, ओल्या फडक्यात आणा, रस्त्यात कुठं थांबू नका." हे आले, मी साल ओढायला बसले. वहिनीची मुलगी जुई, बारावीत आहे, न सांगता शेजारी येऊन बसली आणि माझ्याहून भराभर सोलू लागली. कढई धुरावली तेव्हा माझा हात अडला. तेरवीच्या स्वयंपाकात लसूण चालत नाही. लसणाशिवाय ती भाजी वहिनीची होत नाही. मी आईकडे बघितलं.

"टाक," आई म्हणाली. "तिच्याचसाठी हाय ना?"

बाहेर महाराजांची पूजा अजून चालूच होती. पान वाढायला वेळ होता. भाजी उतरली, हिरवीगार, आणि मला कळेना आता काय करू. झाकली तर मेली. तेवढ्यात आईच म्हणाली, "जुई, तू खा वो. इथंच खा, गरम हाय तंवर." नैवेद्याआधी आईने कुणाला घास घेऊ दिल्याचं मी जन्मात पाहिलं नव्हतं. जुईने बोटांनी उचलून खाल्ली, डोळे मिटले आणि म्हणाली, "आत्या, मीठ उशिरा टाकलं. आई म्हणाली असती, परत कर." म्हणून परत केली, उरलेल्या मूठभर शेंड्यांची. या वेळी जुईने एक घास घेतला. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला आणि रडत रडत खात राहिली.

आईने हात पुढे केला. "मले दे." जुईने तिच्या हातावर चार शेंडे ठेवले. चटका बसला तरी आईने हात मागे घेतला नाही. दात राहिले नाहीत, त्यामुळे बराच वेळ चघळत होती. मग कढईत वाकून बघत म्हणाली, "अजून हाय काय वो?"

शेंडे संपले होते. बाहेर पंगतीची पानं मांडणं सुरू झालं होतं, कुणीतरी मला हाका मारत होतं. मी मागच्या दाराशी चपला शोधायला लागले. सेलू काही फार लांब नाही.