रेडिओला उत्तर देणाऱ्या चाची

शेजारच्या चाचींचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. रोज संध्याकाळी त्या आमच्या ओटीवर रेडिओच्या बातम्या ऐकायला येत आणि सांगणाऱ्याला तोंडावर उत्तरं देत. "त्याला ऐकू जात नाही हो चाची," असं मी, नुकती मॅट्रिक झालेली दीडशहाणी, त्यांना समजावत असे.

त्यांचा मुलगा परदेशी बोटीवर खलाशी होता. खलाशांना वेळेवर घरी पाठवा, हे मागायला त्यांची संघटना जागतिक परिषदेत गेली होती. एकदा बातमी आली: तिकडच्या एका सरकारने हरकत घेतली आहे, ही संघटना कुणाचीच नाही, तिच्यामागे खलाशी नाहीत, तिला बसू देऊ नका.

"कुनाची नाय? माझ्या पोराची हाय!" चाची रेडिओवर कडाडल्या.

दुसऱ्या दिवसापासून मोहल्ल्यातल्या खलाशांच्या बायका आमच्या ओटीवर! "कुनाची नाय म्हनतो ना? मोजू दे मेल्याला," चाची म्हणाल्या. मी पदराआड हसले.

आठवड्याभराने हरकत फेटाळली गेली. संघटना बोलणार होती.

"गप ऱ्हावा गो, आता आपला मानूस बोलनार!" त्या संध्याकाळी चाचींनी बायकांना दटावलं.

रेडिओवर बाजारभाव लागले. तरी कुणी उठेना. मीसुद्धा कान लावून बसले.