दोन शार्पांची वाटणी

इनासने दोन्ही कागद चर्चच्या ऑर्गनवर शेजारी शेजारी ठेवले, बोटाने काहीतरी मोजलं आणि ट्रंबोन पेटीत भरायला घेतलं.

"पास्कूला दोन, मला एकही नाही," तो म्हणाला. "ही वाटणीपण त्याच्याच बाजूने झाली, टीचर."

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी जेमतेम पंचविशीची. शाळेत संगीत शिकवायचे, रविवारी ऑर्गन वाजवायचे. पियानोच्या परीक्षा पास झाल्यामुळे वसई तालुक्यात आपल्याइतकं संगीत कुणाला कळत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

पास्कू आणि इनास सख्खे भाऊ. थोरला ट्रंपेट वाजवायचा. धाकटा ट्रंबोन, म्हणजे नळी पुढेमागे सरकवायचं ते लांबडं पितळी वाद्य. वाडीच्या वाटणीत विहिरीकडची बाजू पास्कूला गेली आणि दोघांचं बोलणं बंद झालं. एका बँडमधले दोघे दोन बँडमध्ये गेले. आता बहिणीचं, रोझीचं लग्न होतं; चर्चमध्ये लग्नाची मिस्सा, म्हणजे उपासना, व्हायची होती. तिने घरात सांगून टाकलं, मिस्सामध्ये दोघे भाऊ एकत्र वाजवणार असतील तरच बँड, नाहीतर मी बिनबँडची जाईन. आमच्याकडे बिनबँडची नवरी म्हणजे गावाला वर्षभराचा विषय. त्यांची आई माझ्याकडे आली. दोघांना सारखं काम असेल असं काहीतरी शोधून द्या, म्हणाली.

मला वाटलं, त्यात काय? धोबीतलावच्या म्युझिकच्या दुकानात गेले. तिथे दोन ट्रंपेटांची ड्युएट होती, दोन ट्रंबोनची होती. दोन्ही वाद्यं एकत्र असलेली जी मिळाली, त्यांत ट्रंपेट गाणार आणि ट्रंबोन खालून नुसतं पों-पों करणार. ते इनासला द्यायची माझी हिंमत नव्हती. शेवटी मारियेचं एक जुनं गीत घेऊन मीच लिहायला बसले. पहिल्या कडव्यात चाल ट्रंपेटला, दुसऱ्यात ट्रंबोनला. स्वरांची अगदी समसमान वाटणी. स्वतःची पाठही थोपटून घेतली.

आणि आता हे दोन शार्प. शार्प म्हणजे ओळीच्या सुरुवातीला काढलेलं जाळीसारखं चिन्ह. अमुक स्वर अर्धा चढवा, एवढाच त्याचा अर्थ. ट्रंपेटची गंमत अशी, की कागदावरचा सा वाचून फुंकलं तर बाहेर येतो खालचा कोमल नी. म्हणून त्याचा कागद एक स्वर चढवून लिहायचा. चढवला की शार्प येतात. ट्रंबोनला ही भानगड नाही. लिहिलं तेच वाजतं.

हे मी इनासला फळा मागवून समजावलं. हो, फळा. चर्चमध्ये. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे त्याचा सा तुम्ही आधीच वर धरलाय."

"फक्त कागदावर. कानाला दोघांचा एकच."

"विहिरीचं पाणीपण कागदावर दोघांचंच आहे, टीचर."

ऑर्गनच्या पलीकडे पास्कू छताकडे बघत उभा होता. तो मला म्हणाला, "त्याला सांगा, हवे तर माझे दोन्ही घे म्हणावं." मी घाबरून म्हणाले, तसं अजिबात करू नका, सूर एकमेकांना चावतील. दोघांनी माझ्याकडे एकाच नजरेने पाहिलं. त्या दिवशी त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

घरी जाऊन मी सगळं गीत तीन स्वर वर नेलं. त्या पट्टीत ट्रंपेटला एक शार्प येतो आणि ट्रंबोनला एक फ्लॅट. इनासने पुन्हा मोजलं. फ्लॅट शार्पपेक्षा लहान असतो का, असं विचारलं. मी म्हटलं, एकाला एक. फ्लॅटने स्वर उतरतो, हे सांगितलं नाही. फळा आता शाळेत परत गेला होता.

लग्नाच्या मिस्सामध्ये पहिलं कडवं पास्कूने चर्चच्या माडीवरून सुरेख वाजवलं. संपताच ट्रंपेट खाली घेतलं आणि भावाकडे न बघता हळूच म्हणाला, "घे."

इनासने दुसरं कडवं घेतलं. रोझी भरल्या मिस्सामध्ये मान वळवून वर माडीकडे बघत राहिली, नवरा तसाच उभा.

शेवटचं कडवं सगळ्यांनी मिळून गायचं होतं. ते इतक्या उंचावर गेलं होतं, की कॉयरच्या बायकांनी नुसती तोंडं हलवली आणि पुढे महिनाभर माझ्याशी अबोला धरला.

तेव्हापासून दोघांसाठी काही लिहायचं झालं, की मी आधी चिन्हं मोजते. सुरांचं नंतर बघता येतं.