माठावरचं झाकण

विलास शेवटचा घरी आला तो माझ्या मुलीच्या साखरपुड्याला. जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात पाणी घ्यायला आला, माठावरचं लाकडी झाकण उचललं, उलटं केलं आणि कडेवरून अंगठा फिरवत म्हणाला, "टिकलं की हो, दाजी." मी नुसतं "हं" म्हणालो आणि पाहुण्यांकडं निघून गेलो. महिनाभरात तो गेला, झोपेतच. माझ्या बायकोचा, मंगलचा, धाकटा भाऊ. चांगलं मरण आलं, असं लोक म्हणाले. मला मात्र तेव्हापासून तो अंगठाच दिसतोय...

जालना रोडच्या मागच्या गल्लीत माझं कार टेपचं दुकान होतं. तेव्हाच्या गाड्यांच्या दारात मोठा स्पीकर बसवला, की मागचं मॅग्नेट दारात उतरणाऱ्या काचेला थटायचं. म्हणून मधे लाकडी रिंग घालून स्पीकर पुढं घ्यायचा. सिल्लोडहून आलेला विलास त्या रिंगा करायचा. हत्यारं म्हणाल तर काहीच नाही. खिळा आणि सुतळी घेऊन प्लायवर वर्तुळ काढायचं, भोक पाडून त्यातून हॅकसॉचं ब्लेड घालायचं, ब्लेडच्या टोकाला चिंधी गुंडाळली की झाली मूठ. मग कानस, पॉलिश पेपर आणि व्हार्निशचे दोन हात. रिंग गाडीत जायची, मधली चकती उरायची. तीही तो व्हार्निश लावून पिशवीतून घरी न्यायचा. एक त्यानं बहिणीला दिली, माठावर ठेवायला. तयार रिंग दारावर धरून ड्रिलनं भोकं पाडायची आणि स्क्रू आवळायचे, हे माझं काम.

एका पावसाळ्यात रिंगा फुगून परत यायला लागल्या. मी तर चांगला वॉटरप्रूफ प्लाय आणत होतो. मग डोक्यात एकच शिरलं, हा माझा प्लाय विकतोय आणि हलका लावतोय. तो चहाला गेला की मी त्याची पिशवी चाचपायचो. प्लायच्या पाठीवर गुपचूप पेन्सिलनं फुल्या मारून ठेवल्या. परत आलेली रिंग काळी पडलेली असायची, तिच्यावर फुली दिसणार कुठून? पण फुली दिसत नाही, यावरच माझा संशय पक्का होत गेला. तो एकदा म्हणालाही, "दाजी, भोक पाडलं की आत व्हार्निशचा थेंब सोडत जा. पाणी लई हुशार असतंय." मला वाटलं, आता हा माझ्यावरच ढकलतोय.

एक दिवस नेहमीचं गिऱ्हाईक आलं आणि फुगलेली रिंग काउंटरवर टाकून म्हणालं, "क्या भाई, दरवाजे में पापड बिठाए क्या?" मी विलासकडं वळलो. "माझा प्लाय कुठं नेलास?"

"तुमचाच हाय ह्यो, दाजी."

"मग फुगला कसा?"

त्यानं माझ्या हातातल्या ड्रिलकडं बघितलं, मग गिऱ्हाइकाकडं बघितलं, आणि परत कानस घासायला लागला.

दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही, वाळूजला कुठल्याशा कंपनीत लागला. मंगलला मी सांगितलं, "त्याला आता आपलं दुकान कमीपणाचं वाटतंय." तिनं ते मनाला लावून घेतलं. भाऊबीजेला तो आला की म्हणायची, "मिळाला का साहेबांना वेळ?" तो हसायचा, खरं काय ते कधीच बोलला नाही.

पुढं एका उन्हाळ्यात माठ धुताना मी ते झाकण उलटं केलं. व्हार्निशखाली माझीच अर्धी फुली होती. प्लाय माझा, व्हार्निश तेच, रोज पाण्याच्या ओलीत, आणि लाकूड तसंच्या तसं सपाट. रिंगेला होतं आणि झाकणाला नव्हतं, असं एकच... मी पाडलेली भोकं. व्हार्निश वाळल्यावर पाडलेली, आतून कोरडी सोडलेली. हे कळलं तेव्हा विलास जिवंत होता. वाळूज काही लांब नाही. मी झाकण परत माठावर ठेवलं.

हे छापायला देण्याआधी मंगलला सगळं सांगितलं. तिनं झाकण उलटं करून फुली बघितली. "त्याला माहीत होतं, तुम्ही खुणा करताय ते?"

"व्हार्निश त्यानंच मारलंय."

"आन् तुमाला सगळं कळलंय, हे माहीत होतं त्याला?"

मी तिला साखरपुड्याच्या दिवशीचं सांगितलं, माझ्या त्या "हं"सकट. तिनं झाकण जागेवर ठेवलं. पूर्वी मी बाहेरून आलो की तांब्या पुढं यायचा. आता मी आत जातो आणि स्वतःच झाकण उचलतो.