सात नंबरचे घर

कास्देकर सर मंगळवारी गेले. सकाळी साडेआठला त्यांची मुलगी सुमन माझ्या दारात आली आणि म्हणाली, "मावशी, बाबा उठत नाहीत." नऊ वाजता डॉक्टर आले. साडेदहाला सरांच्या अंगणात दोन गट उभे होते. एका गटाने शववाहिका आणली होती, दुसऱ्याने शवपेटी. सरांना कोणत्या रीतीने न्यायचे, यावर ते बोलत होते. सुमन पायरीवर बसली होती.

सरांनी हे पाहिले असते तर आधी चहा ठेवला असता. मग खिशातून खडू काढला असता.

खडू ही त्यांची ओळख होती. अकोल्याच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षे गणित शिकवले आणि निवृत्तीनंतरही सदऱ्याच्या खिशात खडूचा तुकडा ठेवला. खिशाला कायम पांढरा डाग. कोणाला काही समजत नाही असे वाटले की ते खाली बसत आणि व्हरांड्याच्या फरशीवर आकृती काढत. आमच्या अमरावतीच्या गल्लीत बारा घरे. पहिले माझे, सातवे त्यांचे. ही बारा घरे त्यांनी त्या फरशीवर किती वेळा काढली असतील, सांगता येणार नाही. फरशी पुसली तरी चौकोन पुसट दिसतच.

आमची ओळख मात्र गल्लीत झाली नाही, बडनेऱ्याच्या फलाटावर झाली. मी अकोल्याच्या महाविद्यालयात ग्रंथपाल होते. सकाळच्या गाडीने जाणारे, संध्याकाळच्या गाडीने परतणारे आम्ही सगळे चेहऱ्याने ओळखीचे. एकाच गल्लीत राहतो हे आम्हाला दोन महिन्यांनी कळले. मी कमी बोलणारी, ते बोलके. ते कोरकू आहेत, मेळघाटातल्या चिखलदऱ्यापलीकडच्या गावातले आहेत, हे कळल्यावर मला फार आनंद झाला. मी लगेच ग्रंथालयातून त्यांच्यासाठी आदिवासींवरची चार जाडजूड पुस्तके काढून आणली. त्यांनी ती चाळली आणि माझ्या मांडीवर परत ठेवली.

"मॅडम, हे समदं मले मायच्या पोटातूनच पाठ हाय. खुनाचं काही हाय काय?"

"कशाचं?"

"खुनाचं. रहस्यकथा. कोणं मारलं थे शेवटपर्यंत कळू नाई पायजे, अशी."

त्यानंतर पंधरा वर्षे मी त्यांना रहस्यकथा पुरवल्या. चाळिसाव्या पानावर ते पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहीत. ग्रंथपालाच्या जिवाला हे किती लागते ते मी सांगितले, तर म्हणाले, "तुमी खोडून टाका ना. तुमच्याजवळ रबर नाई काय?" नावे बहुतेक वेळा चुकलेली असत. गणिताच्या माणसाला हे शोभत नाही, असे मी एकदा म्हटले. त्यावर उत्तर आले, "गणितात कोणी खोटं बोलत नाई, मॅडम. इथं समदे बोलून राहिले."

त्यांच्या नावाचीही एक गोष्ट होती. ती ते गाडीत नव्या माणसाला हमखास सांगत. गावाजवळची पहिली शाळा मिशनची. तिथल्या वसतिगृहात त्यांचे नाव सॅम्युअल ठेवले. पाचवीत ते दुसऱ्या एका संस्थेच्या आश्रमशाळेत गेले. तिथे सकाळी श्लोक, संध्याकाळी श्लोक आणि नाव सुखदेव. बी.एड.ला आल्यावर त्यांनी स्वतः कचेरीत खेटे घालून मूळचे सुखलाल करून घेतले. "वजाबाकी करत करत मूळ संख्येवर आलो," असे म्हणून ते डबा उघडत. दोन्ही शाळांविषयी त्यांच्या तोंडून वाईट शब्द निघाला नाही. "पाढे त्यायनंच शिकवले. पोटभर जेवू घातलं. उपकार हायेतच. पण मले वाटे, बाप्पा, माह्या नावानं काय पाढे पाठ नसते झाले?"

निवृत्तीनंतर त्यांच्याकडे माणसे येऊ लागली. कधी पुस्तिका घेऊन, कधी फोटो आणि गंडे घेऊन. हळू बोलणारी, बूट बाहेर काढणारी माणसे. सर सगळ्यांना बसवत. चहा देत. मग खडू निघे.

एकदा मी तिथेच होते. एका संघटनेचे तिघे आले होते. त्यातला वयस्कर गृहस्थ म्हणाला, "सर, तुम्ही मुळात आपलेच. फक्त तुम्हाला त्याची आठवण द्यायला आलो."

सरांनी फरशीवर बारा चौकोन काढले. "हे आमची गल्ली. हा मी, सातवा. दोन नंबरले देशमुख हायेत. त्यायच्याकडं गेलते काय?"

"त्यांची काय गरज? ते आपलेच आहेत."

"आन मी?"

"तुम्हीही आपलेच. पण…"

"हां. त्या पणच्या पुढचं आइकाचं हाय मले."

गृहस्थांनी चहा संपवला आणि ते उठले. सर त्यांना दारापर्यंत सोडायला गेले आणि म्हणाले, "राग मानू नका. पुढच्या टायमाले देशमुखापासून सुरू करा. मी घरीच असतो."

पुढच्याच आठवड्यात प्रकाश आला. परतवाड्याचा, पंचविशीचा, मिशनमध्ये नवा लागलेला. सोबत कोणी नव्हते. त्यालाही चौकोन दाखवले गेले. तो चिडला नाही, पण दुखावला. म्हणाला, "सर, आम्ही कोणात भेद करत नाही. आम्हाला तुमच्या लोकांविषयी प्रेम आहे."

"माह्या लोकायविषयी. बरोबर." सरांनी सातव्या चौकोनावर बोट ठेवले. "आता मले सांग, कोणी मले जात पाहून दारातून हाकललं, त्याले आपण काय म्हणतो?"

"भेदभाव."

"आन कोणी जात पाहून माह्या दारात आलं?"

"पण आम्ही चांगल्यासाठी येतो."

"चांगल्यासाठीच येतं, बाबू. पण दोन्ही टायमाले पाह्यलं काय? जातच ना? तुले वाटलं, या बारा घरायत याच्याच डोक्यात जागा रिकामी हाय. बाकी अकरा भरलेले. हे तुले कोणं सांगतलं?"

प्रकाश पुस्तिका आवरू लागला. सर म्हणाले, "हे पाय, तुह्या देवाशी माहं काही भांडण नाई. गल्लीच्या तोंडापासून ये. सहा घरं करून आला, तं मी दोन घंटे आइकीन. शब्द देतो."

त्यांना वाटले असणार, विषय संपला. रविवारी सकाळी दहाला प्रकाशने माझी कडी वाजवली.

त्याला आत घ्यावे की नाही हे मला ठरवता येईना. शेवटी मी दारातच उभी राहून अर्धी पुस्तिका ऐकली. मग तो दोन नंबरला गेला. देशमुखकाकूंचा आवाज चौथ्या घरापर्यंत ऐकू आला. "काऊन रे, आमाले काय समजलास तू? आमच्याकडं कायले आला?" तिसऱ्या घरी कुलूप. चौथे सलीमभाईंचे. त्यांचा कूलर दुरुस्तीचा कारखाना, घर आणि दुकान एकच. त्यांनी त्याला पंख्यासमोर बसवले, सरबत दिले आणि म्हणाले, "बैठो बेटा, थक गए होंगे. सुन लेता मैं पूरा. पर बदलना-वदलना अपने बस का नहीं." पाचव्या घरी कुत्रे सुटले. सहाव्या घरच्या निवृत्त तहसीलदारांनी संघटनेची नोंदणी आहे का, असे विचारून कागद मागितले.

साडेबाराला तो सात नंबरला पोहोचला तेव्हा त्याच्या सदऱ्याची पाठ ओली होती. सर दारात उभे होते. त्यांनी आधी पाणी दिले, मग दोन तास ऐकले. मधे एक शब्द बोलले नाहीत. उठताना म्हणाले, "आज तू माह्या घरी आला. मांगच्या टायमाले माह्या जातीकडं आल्ता."

सरांनी धर्म बदलला नाही. प्रकाश मात्र दर रविवारी येऊ लागला. बुद्धिबळ खेळायला. तो बहुधा हरायचा.

या सगळ्यात माझा वाटा काय होता, ते मला त्या पहिल्या रविवारच्या संध्याकाळीच कळले. मी प्रकाशच्या फजितीची गंमत सांगायला गेले होते. सर हसले आणि म्हणाले, "मॅडम, एक इचारू? या समद्यायले माहं घर कसं सापडते?"

मी म्हटले, "विचारत येतात."

"कोणाले?"

गल्लीत शिरणारा माणूस पहिल्या घरी विचारतो. "इथे ते आदिवासी सर कुठे राहतात?" असे कितीजणांनी मला विचारले होते. मी प्रत्येकाला फाटकापर्यंत येऊन, हात लांब करून दाखवले होते. सातवे, निळे दार. तुम्हाला कोणी पत्ता विचारला तर तुम्हीही दाखवाल. मला ती मदत वाटायची. आपल्याकडे का नाही आले, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ते माझ्याकडे येणार नाहीत हे मी धरूनच चालले होते, आणि त्यांच्याकडे जाणार हेही.

"तुमीबी त्यायच्यातल्याच हो," सर म्हणाले. "पहिल्या दिवशी ते चार जाड पुस्तकं आणले, तवाच मी वयखलं." ते हसत होते. त्यांचे हसणे मला त्यानंतर आठवडाभर टोचले.

त्याच व्हरांड्यात त्यांनी मला एक गोष्ट सांगून ठेवली. आई-वडील दोघेही गावच्या झाडाखाली आहेत. कोरकू माणूस मातीत जातो. पुढे काही महिन्यांनी सिडोली करतात, म्हणजे त्याच्या नावाचा सागवानी फळा कोरून त्या झाडाखाली उभा करतात. त्याला मुंडा म्हणतात. त्यावर सूर्य, चंद्र आणि घोड्यावर बसलेला माणूस असतो. "मले तिथंच न्या. सॅम्युअलले नका नेऊ, सुखदेवले नका नेऊ. सुखलालले न्या. सुमन घाबरट हाय. तुमी सांगा." मग खडू हातात फिरवत म्हणाले, "फक्त घोडा नको. मले घोड्याचा लय भेव वाटते."

मंगळवारी हे सगळे मला ठाऊक होते आणि मी सरांच्या फाटकाशी उभी होते. शववाहिकेवाले म्हणत होते, लाकडाची सोय झाली आहे. पेटीवाले म्हणत होते, सर शेवटच्या काळात प्रार्थनेला येत, आमच्याकडे त्यांची बाळपणीची नोंद आहे. दोघेही सुमनशी अदबीने बोलत होते. सुमनने माझ्याकडे पाहिले. "मावशी, बाबा काय म्हणत होते?"

मी जन्मभर हळू बोलण्याचीच नोकरी केली. त्या दिवशी आवाज कुठून आला, माहीत नाही. मी विचारले, "गेल्या वर्षी दोन नंबरचे देशमुखकाका गेले. तेव्हा तुम्ही गाडी घेऊन आला होता का?"

"त्यांचे नातेवाईक होते की," शववाहिकेजवळचा माणूस म्हणाला.

"यांचेही आहेत. गावात वाट पाहत आहेत." मग मी दुसरीकडे वळले. "चार नंबरच्या सलीमभाईंची आई गेली. तेव्हा पेटी आणली होती का?"

मी सरांचे म्हणणे सांगितले. गाव, झाड, मुंडा. घोड्याचेही सांगितले, कारण ते त्यांनी सांगितले होते.

पेटीच्या मागे प्रकाश उभा होता. तो आपल्या वरिष्ठांना म्हणाला, "मॅडम बरोबर बोलून राहिल्या. पेटी वापस नेऊ." आणि एक टोक त्यानेच उचलले. शववाहिकेवाल्यांपैकी, मागे सरांकडे आलेला तो वयस्कर गृहस्थ बराच वेळ फरशीकडे पाहत होता. चौकोन तिथे होते. मग तो ड्रायव्हरला म्हणाला, "गाडी आणलीच आहे. गावापर्यंत सोडून ये."

सलीमभाईंनी बर्फ आणला. परतवाड्यानंतर घाट लागला तेव्हा ड्रायव्हरला रस्ता माहीत नव्हता. प्रकाश पुढे बसून सांगत होता. मी आणि सुमन मागे. श्लोक लिहिलेल्या गाडीत, मिशनच्या माणसाने दाखवलेल्या रस्त्याने, कोरकू मास्तर घरी निघाले होते. हे उदाहरण त्यांनी नक्की फळ्यावर घातले असते. अंधार पडायच्या आत त्यांना माती दिली.

सिडोलीला मी गेले होते. मुंडा कोरणाऱ्या सुताराने घोडा वगळायला साफ नकार दिला. "घोड्याबिगर मुंडा नाई होत, बाई. काही पायी जाईल काय थो?" बरीच बोलाचाली झाली. शेवटी घोडा छोटा कोरला. सर त्याच्याहून उंच दिसतात आणि त्यांचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेले आहेत. मी खिशाच्या जागी बोटाएवढी खूण करायला सांगितली. ती सुताराने काही न विचारता केली.

सुमन सात नंबरमध्ये राहते. प्रकाशने मिशन सोडलेले नाही. तो मात्र आता कुठल्याही गल्लीत पहिल्या घरापासून सुरू करतो आणि संध्याकाळपर्यंत चौथ्या-पाचव्या घरापुढे जात नाही, असे त्याचे वरिष्ठ तक्रारीने सांगतात.

माणसे अजून येतात. माझ्या फाटकाशी थांबून सात नंबर विचारतात. मी त्यांना आत बोलावते, खुर्ची देते आणि म्हणते, आधी मला सांगा. मी चहा ठेवते. चहा होईपर्यंत बहुतेकजण निघून गेलेले असतात.